मागच्यांची नजर

"टोकियोत आहेस तर जिरो पद्धतीचं रामेन खाऊनच ये," असं ऑफिसातल्या सहकाऱ्याने बजावलं. रामेन म्हणजे सूपमधल्या नूडल्स. तो स्वतः आला नाही. त्याचं म्हणे डाएट सुरू होतं.

मूळ 'जिरो' दुकान 1968 मध्ये सुरू झालं आणि पुढे मिता भागात, केइओ विद्यापीठाजवळ आलं. कॉलेजच्या पोरांचं पोट भरेल असं भरघोस वाढायचं, हा तिथला खाक्या. त्या वळणाची दुकानं आता शहरभर झालीत. मी त्यातल्याच एकात गेलो. मशीनमधून तिकीट घ्यायचं आणि रांगेत गप्प उभं राहायचं. मी 'लहान' घेतलं. लहान म्हणजे सुमारे 300 ग्रॅम नूडल्स! एरवी एवढ्यात दोघं जेवतात.

खरी परीक्षा वाडगा पुढे येताना. आचारी विचारतो, "निन्निकु इरेमास्का?" विचारतो फक्त लसणाचं, पण उत्तरात भाज्या, चरबी, सगळंच एका दमात सांगून मोकळं व्हायचं असतं. रांगेत मी "यासाई, निन्निकु, आबुरा" (भाज्या, लसूण, चरबी) पुटपुटत होतो. ऐनवेळी तोंडातून नुसतं "निन्निकु" निघालं. देव पावला म्हणायचा, कारण तेवढ्यावरही समोर कोबी आणि मोड आलेल्या कडधान्याचा डोंगर आला. बाजूला कच्च्या लसणाचा ढीग, अंगठ्याएवढा जाड डुकराच्या मांसाचा तुकडा, आणि नूडल्स? त्या तळाशी. शेजाऱ्याने झटक्यात त्या उपसून भाज्यांवर घेतल्या, फुगायच्या आत संपवायला. मी उपसायला गेलो तर चार मोड काउंटरवर.

नूडल्स इथे घाण्याने शिजतात. एका घाण्यातल्यांनी साधारण एकदमच उठावं, असा अलिखित संकेत. पुढचे लोक पाठीशी उभे. लग्नाच्या पंगतीत खुर्ची धरून उभे राहणारे पाहुणे असतात ना, अगदी तसे; फक्त मठ्ठा पिऊन सुटायची सोय नाही. आग्रह कुणीच करत नाही, बोलतही नाही, पण पान टाकायची छाती होत नाही. टाय खांद्यावर टाकलेला तो किडकिडीत शेजारी वाडगा वर ठेवून, आपली जागा फडक्याने पुसून, "गोचिसोसामा" (जेवणानंतरचे आभार) म्हणून गेलासुद्धा. मी अजून डोंगराच्या पायथ्याशी!

सूप उरलं तरी चालतं, हे इतरांचे वाडगे बघून कळलं तेव्हा डोळे पाणावले. थोडं लसणामुळेही असेल.

संध्याकाळी लोकलमध्ये मी बसलो आणि शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचं स्टेशन आलं नव्हतं.