"एकत्र वाढवला की ऑस्कर छोटे मासे खात नाही" हे खरं नाही

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडे मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मलाही बऱ्याच जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं की ऑस्कर, अरोवाना हे टँकमधले मोठे शिकारी मासे छोटे मासे खातात म्हणून उगाच बदनाम आहेत, पिल्लू असतानाच गप्पी, मॉली, टेट्रा अशा छोट्या माशांसोबत सोडले की एकमेकांची सवय होते, रोज पोटभर खायला घातलं की शिकार करत नाहीत, लपायला दोन-चार जागा केल्या की झालं, आणि मासा टँकच्या मापानेच वाढतो म्हणून मोठा टँक घ्यायची गरज नाही. पोरांच्या हट्टापायी मासे घ्यायला निघालेले आईबाप हे वाचून दुकानात जातायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सवयीचं. समोरचा मासा ओळखीचा आहे की नवीन याचा ऑस्करला काही फरक पडत नाही, तो तोंडात मावतो की नाही यावरच सगळं ठरतं. दुकानात मिळणारं ऑस्करचं पिल्लू दीड-दोन इंचाचं असतं, त्याच्याशेजारी मॉली मोठी दिसते, त्यामुळे सुरुवातीला खरंच काही होत नाही आणि लोकांना वाटतं जमलं. मेसेजसोबतचा व्हिडिओ नीट बघा, त्यातल्या ऑस्करच्या अंगावर अजून पांढरे वेडेवाकडे पट्टे आहेत, म्हणजे ते पिल्लूच आहे. पहिले काही महिने हा मासा महिन्याला साधारण इंचभर वाढतो, वर्ष-दीड वर्षात १० ते १२ इंचाचा होतो, आणि निऑन टेट्रा जन्मभर वाढून दीड इंचाचा. मग एक दिवस सकाळी मोजले तर दोन कमी. घरात सगळे म्हणतात उडी मारून पडले असतील, मांजराने नेले असतील, आणि ऑस्कर शांतपणे कोपऱ्यात उभा असतो.

पोटभर खायला घातलं की खात नाही, हा मुद्दा तर कोकणातल्या माणसाने तरी मान्य करू नये. गळाला लागलेला गोबरा कापताना पोटात अख्खी तारली किंवा एखादा छोटा मासा निघालेला आपण कितीदा बघितलाय. पोटात मासा असताना तो पुन्हा आमिषावर आलाच ना? शिकारी माशाला उद्या मिळेल की नाही याची खात्री नसते, समोरून गेलं की घ्यायचं हे त्याच्या अंगातच आहे. ऑस्कर पाठलागसुद्धा फारसा करत नाही. एका जागी तरंगत राहतो, डोळा तेवढा गप्पीच्या मागे फिरतो, गप्पी जवळ आली की जबडा पुढे येतो, तोंड एकदम उघडतं आणि पाण्याबरोबर गप्पी आत ओढली जाते, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. नंतर दोन-तीनदा चावल्यासारखं करतो आणि कल्ल्यांतून खवले बाहेर पडताना दिसतात. त्यात आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टँकचं पाणी तापलेलं असतं, माशाचं रक्त थंड असल्यामुळे पाणी गरम झालं की पचनही भराभर होतं आणि भूकही लवकर लागते. आणि पोटभर म्हणून मूठ मूठ पेलेट (खाद्याच्या गोळ्या) टाकत राहिलात तर उरलेलं खाली कुजतं, पाण्यात विषारी अमोनिया वाढतो आणि मग लहान-मोठे सगळेच मरतात.

लपायला करवंटी, मडकं, झाडं ठेवा, जरूर ठेवा, पण त्याने मरण पुढे जातं एवढंच. जो छोटा मासा दिवसभर करवंटीत बसून राहतो तो खायला बाहेर येत नाही, पंख मिटलेले, रंग उडालेला, आणि अशाच माशांना व्हाईट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) आधी धरतो. अॅमेझॉनमध्येही एकत्रच राहतात असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिथे पळायला अख्खी नदी आहे आणि तरीही ते खाल्ले जातातच.

टँकच्या मापाने वाढतो हे सगळ्यात वाईट. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. तिथे ऑस्करची वाढ खुंटते ती स्वतःच्याच घाणीत राहिल्यामुळे, आजारी पडून, आणि दहा-बारा वर्षं जगणारा मासा लवकर जातो. एका ऑस्करला चार फुटी, निदान २५० लिटरचा टँक आणि दणकट फिल्टर लागतो. अरोवाना तर तीन फुटांपर्यंत जातो, त्याला घरात जागा करणं सगळ्यांना जमणारं नाही. दुकानात बोटाएवढा 'शार्क' म्हणून जो देतात तो पंगस, तोच ज्याचे तुकडे हॉटेलात बासा म्हणून येतात, तोही मीटरभराचा होतो.

मेसेजमध्ये सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणि छोटे कॅटफिश बिनधास्त ठेवा असंही आहे. यात उलट ऑस्करचाही जीव जातो. जाळ्यातला शिंगाळा सोडवताना आपण काट्याला किती जपतो आठवा. या छोट्यांचेही पंखाचे काटे ताठ होऊन अडकून बसतात, गिळलेला मासा घशात रुततो, ना आत जात ना बाहेर, आणि दोघेही मरतात. सकर ठेवायचाच तर तोंडात मावणार नाही एवढा मोठा ठेवा, सिल्व्हर डॉलर माशाचंही तेच. फ्लॉवरहॉर्न हा डोक्यावर टेंगूळ असलेला मासा असेल तर एकटाच ठेवा, तो मोठ्यांनाही मारतो.

शेवटी त्यात लिहिलंय की अधूनमधून विहिरीतले गप्पी पकडून घातले तर नैसर्गिक आहार होतो. ते गप्पी डासांच्या अळ्या खायला आरोग्यवाले सोडून जातात, ते काढू नका. शिवाय त्यांच्यासोबत जंत आणि रोग टँकमध्ये येतात. गोल्डफिशही रोज घालू नका, त्यातल्या थायमिनेज नावाच्या घटकामुळे बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चांगले पेलेट, कोळंबीचे तुकडे, गांडूळ यावर ऑस्कर मस्त राहतो.

ज्यांनी आधीच एकत्र सोडलेत त्यांनी आजच मध्ये जाळीचं पार्टिशन टाका. आणि झेपत नाही म्हणून ऑस्कर पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा विहिरीत सोडू नका, पावसात आपल्याकडे शेत, पऱ्ह्या, नदी सगळं एक होतं, चढणीचे मासे जिथून वर येतात तिथूनच हा खाली वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांत पोचेल आणि तिथल्या पिल्लांना खाईल. दुकानवाल्याला परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेला कुणी शोधा. कुणीच सापडलं नाही तर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारा.