विमान बघायला थांबलेल्या स्कूटरी

आमच्या ‘दहावी ब’च्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक व्हिडिओ आला. होटगी रोडच्या कडेला आठ-दहा स्कूटरी तिरक्या लावलेल्या, एकाच्या खांद्यावर पोरगं, एक आजी कपाळाला हात लावून वर बघतायत, आणि मुंबईचं विमान खाली येतंय. बस्, तेवढंच. खाली ग्रुपातल्या एकानं लिहिलं होतं, “काय बे हे, अजून विमान बघायला गर्दी करतात. सोलापूर कधी सुधारणार?” हा हिंजवडीला असतो. त्यावर दुसरा म्हणाला, “सुधारणं राहू दे, हा सिक्युरिटीचा विषय आहे. दांडकं घेऊन हाकललं पाहिजे.” त्याला भराभर अंगठे पडले.

त्या वेळी मी मँचेस्टरला गाडीत बसून थर्मासातला चहा पीत होते. दुबईहून येणाऱ्या ए-380 ह्या दुमजली विमानाची वाट बघत. माझ्या आजूबाजूला आठ-दहा नव्हे, चांगल्या पन्नास-साठ गाड्या होत्या. पार्किंगचे पैसे भरून आलेल्या.

ह्या जागेला ‘रनवे व्हिजिटर पार्क’ म्हणतात. धावपट्टीला लागून मातीचे उंचवटे केलेत, वर चढलं की कुंपण नजरेच्या खाली जातं. चिप्स मिळतात, पोरांना झोपाळे आहेत आणि एका हँगरमध्ये जी-बीओएसी नोंदणीचं कॉन्कॉर्ड, आवाजापेक्षा वेगानं उडणारं ते विमान, उभं आहे. ते 2003 च्या ऑक्टोबरात इथे उतरलं ते पुन्हा उडालं नाही. येणारे बहुतेक निवृत्त बुवा. घडीची शिडी, दुर्बीण, वही. वहीत विमानाच्या शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक उतरवायचा आणि तो आधी ‘मिळाला’ नसेल तर घरी जाऊन यादीत खूण करायची. असल्या उद्योगात माणसं चाळीस-चाळीस वर्षं घालवतात. बाजूला रिंगवे रोडवर एक पब आहे, त्याच्या मागच्या बागेत बिअर पिता पिता समोर विमानं उड्डाणाला रांग लावून उभी दिसतात. तिथे कुणी म्हणत नाही की मँचेस्टर कधी सुधारणार.

खरं सांगायचं तर म्हणतात. इथे अशा माणसांना ‘अॅनोरॅक’ म्हणतात, त्यांच्या त्या पावसाळी कोटावरून, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. वाद घालताना एवढं चालतं.

सिक्युरिटीवाल्याला मात्र मला नीट उत्तर द्यायचं आहे. भारतात 1937 च्या विमान नियमांपासून विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई आहे. ठीक. पण रस्त्यावर उभं राहून वर बघायला मनाई नाही, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक आपल्याकडे ना हाकलणाऱ्याला ठाऊक असतो ना हाकलला जाणाऱ्याला. 2010 साली दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसणारी खोली मागून घेणाऱ्या दोन ब्रिटिश छांदिष्टांना पकडलं होतं. दुर्बीण आणि रेडिओ होता म्हणून. इथल्या पेपरांनी ती बातमी मिटक्या मारत छापली. त्याच्या नऊ वर्षं आधी ग्रीसमध्ये, कालामाटाला, अशाच चौदा जणांना हेरगिरीच्या संशयावरून अडकवलं होतं. शिक्षा झाली, मग अपिलात सुटले. तेव्हा युरोपातले सगळे सुधारलेले असंही नाही. माझ्या शेजारच्या बुवांच्या खांद्यावरच्या रेडिओत विमानतळाच्या टॉवरचं वैमानिकांशी बोलणं ऐकू येत असतं आणि ब्रिटनमध्ये ते ऐकणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांनाही माहीत असतं आणि समोरच्या पोलिसालाही. पोलीस काय म्हणतो? “काही वेगळं दिसलं तर फोन करा हं.” रोज कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला कुंपण सगळ्यात चांगलं ठाऊक असतं, एवढं साधं गणित आहे.

भारतातल्याच एका विमानतळाबाहेर (कुठला ते सांगत नाही) मला आणि अप्पांना एकानं काठी आपटत उठवलं होतं. मी नववीत होते. अप्पांनी डबा तसाच अर्धा बंद केला. पुढे कितीतरी दिवस ते म्हणत, आपण तिथं बसायला नको होतं. मला आठवतंय ते त्यांचं ‘आपण’.

म्हणून परदेशात कुठेही गेले की पहिली चौकशी मी हीच करते, उभं कुठे राहायचं. नवऱ्याला हे अजून झेपलेलं नाही. तो नाशिकचा, त्याला म्युझियम लागतं. पण दहा-बारा वर्षांत एक तंत्र जमलं आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, तेव्हा वारा कुठला आहे ते आधी बघायचं. मग ऊन पाठीशी येईल अशी बाजू धरायची. नकाशात धावपट्टीच्या टोकापुढची लहानशी गल्ली किंवा शेताडीचा रस्ता शोधायचा. आणि हे काहीच जमलं नाही तर भलत्याच जागी गाड्या लावून कोणी म्हातारे उभे आहेत का ते पाहायचं. ही शेवटची खूण कधी चुकलेली नाही.

हीथ्रोला हॅटन क्रॉस स्टेशनात उतरून चालत गेलं की मर्टल अव्हेन्यू नावाची गल्ली लागते. साधी घरं, टोकाला हिरवळीचा तुकडा, आणि डोक्यावरून, अक्षरशः चाकं मोजावीत इतक्या खालून, विमानं उतरतात. पण जायचं तर वेळ सांभाळून. वारा पश्चिमेचा असला की दुपारी तीनला उतरायची धावपट्टी बदलतात, आजूबाजूच्या घरांना अर्धा दिवस तरी शांतता मिळावी म्हणून. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तीन वाजून पाच मिनिटांनी पोचले होते. समोरच्या बाई कुंडीला पाणी घालत म्हणाल्या, उद्या सकाळी या.

अॅमस्टरडॅमची पोल्डरबान धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर विमान पंधरा मिनिटं नुसतं रांगत राहतं. प्रवासी वैतागतात. पण तिच्या काठाला गवतावर खुर्च्या टाकून कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असतात आणि खाण्याची गाडी लागलेली असते. आपल्या गड्ड्याच्या जत्रेतला एक कोपरा उचलून आणावा तसं. म्युनिकला तर ह्यासाठी टेकडीच बांधली आहे, फिरत्या दांड्यात नाणं टाकायचं आणि चढायचं. पायथ्याशी सुपर कॉन्स्टेलेशन आणि डीसी-3 ही जुनी विमानं. एका परिषदेच्या निमित्तानं टोकियोला गेले तेव्हा तिथल्या हानेदा विमानतळाच्या गच्चीवर मी थक्क झाले होते. कुंपणाच्या तारांमध्ये कॅमेऱ्याची काच बसेल अशा फटी मुद्दाम ठेवलेल्या. म्हणजे कुणीतरी मीटिंगमध्ये बसून विचार केला होता की लोक बघायला येणार, तर त्यांना नीट दिसलं पाहिजे.

हिंजवडीकरांना मी एवढंच विचारणार होते. माणसं बघायला थांबतात ह्याची लाज वाटते, की त्यांना उभं राहायला जागा केली नाही ह्याची? सेंट मार्टिन बेटावर धावपट्टीच्या अगदी टोकाशी माहो बीच आहे, तिथे लोक कुंपणाला लोंबकळून जेटच्या झोतात उभे राहतात. 2017 साली एक बाई त्यात दगावल्या. तरी जगभरचे लोक विमानाचं तिकीट काढून तिथे जातात आणि आपण त्याला बकेट लिस्ट म्हणतो. आमच्या आजींनी स्वतःच्या गावात स्वतःच्या रस्त्यावर मान वर केली की तो मागासलेपणा.

असं सगळं लिहून ठेवलं होतं. पाठवलं असतं तर अंगठे मलाही पडले असते. पण मग अप्पांचं कॉन्कॉर्ड आठवलं.

अप्पा एकदाच इथे आले, सहा आठवडे. त्यांना बाकी कशाचंच अप्रूप वाटलं नाही. एकदा ट्रामच्या पाटीवर ‘ओल्डहॅम’ वाचून मात्र दचकले. मिलमधल्या त्यांच्या मशीनच्या लोखंडावर प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम अशी अक्षरं ओतलेली होती. एकवीस वर्षं ती अक्षरं पुसली त्यांनी, आणि ते एक गाव आहे, तिथे ट्राम जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी त्यांना व्हिजिटर पार्कात नेलं. कॉन्कॉर्डच्या नाकाखाली उभे राहून त्यांनी विचारलं, “हे आता उडत नाही ना?” नाही म्हटलं. “मग बंद मिलसारखंच की. फक्त ह्यांनी धुऊनपुसून ठेवलंय.” बाहेर उंचवट्यावर मात्र ते तीन तास बसले. उठू या का, असं त्यांनी दोनदा विचारलं. कुणी उठवायच्या आत आपणच उठावं, ही त्यांची जुनी सवय.

तर सोलापूरचं विमान. पूर्वी काही काळ किंगफिशरचं यायचं, ते बंद पडलं. मग वर्षानुवर्षं एकच रड, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी वाटेत येते. नव्वद मीटर उंच. शहरातल्या लोकांनी चिमणी पाडा म्हणून चक्री उपोषण केलं. शेतकरी म्हणाले, आमचा ऊस कुठे घालायचा? मी इथून, रात्री अकराला, हीटिंग लावलेल्या खोलीत बसून फॅमिली ग्रुपवर लिहिलं होतं, “पाडा एकदाची. जग कुठे चाललंय.” आमचे चुलत काका ऊस घालत होते त्या कारखान्याला. त्यांनी उत्तर दिलं नाही. 15 जून 2023 ला चिमणी पाडली, त्याचा व्हिडिओ मला भावानं पाठवला. खाली वाकली, धूळ झाली. मी टाळ्यांची चित्रं टाकली. काकांच्या नावापुढे दोन निळ्या बरोबरच्या खुणा तेवढ्या दिसल्या.

2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. मी इथे पेढे वाटले. आणि गेल्या संक्रांतीला सोलापूरला गेले ती हैदराबादला उतरून, रेल्वेनं. का? तर मी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन येते आणि ह्या छोट्या विमानात पंधरा किलो चालतात. बाकीच्या वजनाचे पैसे भरण्यापेक्षा रेल्वे बरी. म्हणजे ज्या विमानासाठी मी साडेसात हजार किलोमीटरवरून चिमणी पाडायला निघाले होते, त्यात माझा चॉकलेटांचा साठा बसत नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मँचेस्टरच्या मंडळातही सांगत नाही, तिथे मी शनिवारी कुठे जाते हेसुद्धा सांगत नाही. एकदा सांगितलं तर एक डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “अय्या, विमानं बघायला? अजून?” त्या बाईंचा आणि हिंजवडीचा सूर एकच होता. मी त्यांनाही काही बोलले नाही. म्हटलं, नवऱ्याला आवड आहे.

भोगीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन होटगी रोडला गेले. लांब भिंग बघून एका स्कूटरवाल्यानं विचारलं, “मॅडम, पेपरवाल्या का? बाहेरच्या दिसतात.” मी सोलापूरचीच म्हटलं. तो म्हणाला, “हाव का,” आणि पोराला म्हणाला, “सरक बे, मॅडमना दिसू दे.” सोलापूरच्या माणसाला कुणी असं जागा करून देत नाही. त्यानं विश्वास ठेवला नव्हता. मी भिंग बॅगेत टाकलं आणि घरी आले.

अप्पा गच्चीवर होते. तेही रोज बघतात, मला कधी सांगितलं नव्हतं. पूर्वी मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, आता विमानावर लावतात, आणि त्यांची तक्रार अशी की भोंगा कधी लेट नव्हता. एका जुन्या वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवतात. मँचेस्टरच्या बुवांची वही बघून शिकले की आधीपासूनच होती, विचारायचं राहिलं.

काका तिळगूळ घेऊन आलेले, एक दिवस आधीच. खुर्चीवर पाठ करून बसले होते, जिकडे चिमणी दिसायची तिकडे पाठ. आवाज आला तशी अप्पा उठून कठड्याशी गेले. मीही गेले. काका बसूनच राहिले, मग हळूच मान वळवली. विमान बाभळींच्या वरून खाली गेलं.

“ह्यातनंच आलीस ना तू?” काकांनी विचारलं. चिडून नाही, सहज.

“नाही काका. रेल्वेनं.”

ते थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. “मग कोण येतंय ह्यातनं?”

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं. अकरा मिनिटं उशीर.