मेंदू राहू द्या, आकडा लावा

मेंदूवर संशोधन करायचं ठरवलंत? उत्तम. आता मेंदू बाजूला ठेवा. तो तुमच्या हयातीत कुणाला पुरता कळणार नाही; एच-इंडेक्स मात्र आस्थापना विभागातल्या क्लार्कलाही कळतो. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो काढला. तुमच्या दहा पेपरांचा इतर पेपरांत प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, की तुम्ही दहा. तीस पेपरांचा तीस-तीस वेळा, की तुम्ही तीस. निवड समितीचं पेपर वाचण्याचं झंझटच मिटलं.

हे गणित न सांभाळणाऱ्याचं काय झालं असतं बघा. मेंदू सुट्या पेशींचा बनलेला आहे हे दाखवायला स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहालने १८८८ साली पदरमोड करून स्वतःच नियतकालिक काढलं. साठ प्रती छापल्या, परदेशी विद्वानांना धाडल्या. १९०६ साली नोबेल मिळालं, ते ठीक आहे हो. पण हाच माणूस कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाईल घेऊन आपल्या एखाद्या कॉलेजात आला असता तर? लेखक स्वतः, संपादक स्वतः, नियतकालिक यादीत नाही. गुण शून्य. ‘त्रुटींची पूर्तता करावी’ असा शेरा मारून फाईल परत.

तेव्हा पहिला धडा उंदराचा. नवखी मंडळी एका प्रयोगाचा एकच पेपर काढतात. निव्वळ उधळपट्टी! उंदीर तेच ठेवा. मेंदूतला स्मृतीचा भाग हिप्पोकॅम्पस एका पेपरात, भीतीचा भाग अमिग्डाला दुसऱ्यात, नर तिसऱ्यात, माद्या चौथ्यात. मग या चारांचा परामर्श घेणारा पाचवा. त्यात आधीच्या चारांचे संदर्भ आपसूक येतात. उंदीर किती घ्यावेत यावर डोकं शिणवू नका. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची सांख्यिकी ‘पॉवर’ तपासली, तिचा मध्यक २१ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे परिणाम खरोखर असला तरी पाचातल्या चार वेळा तो हातातून निसटणार. हा पेपर अवश्य साइट करा, म्हणजे त्याचा संदर्भ द्या. प्रस्तावनेत केलात, की पुढे आठ उंदरांवर काम भागवायला मोकळे.

उंदीर परवडत नसतील तर मासा घ्या. क्रेग बेनेट आणि मंडळींनी मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात एक सॅमन ठेवला, पुरता मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल, असं रीतसर विचारलं. मेंदूच्या स्कॅनमध्ये हजारो चिमुकले ठोकळे असतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली आणि इतक्या चाचण्यांसाठी करायची दुरुस्ती केली नाही, तर काही ठोकळे नुसत्या योगायोगाने ‘सिग्निफिकंट’, म्हणजे दखलपात्र, ठरतात. तसे ठरले. मेलेला मासा विचार करू लागला. परिषदेत मांडलेलं हे पोस्टर २००९ चं, त्याला २०१२ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. बेनेट यांना धोक्याची सूचना द्यायची होती. तुम्ही ती पाककृती म्हणून वाचा. सॅमन न मिळाल्यास सुरमई चालेल. निष्कर्षात ‘सहानुभूतीचं केंद्र’ असा शब्द पेरा आणि लाल-पिवळा ठिपका जरा मोठा छापा, वर्तमानपत्रवाल्यांना तोच लागतो.

स्वतःचं नाव शेवटी घाला. या धंद्यात पहिलं नाव रात्रभर राबणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबच्या धन्याचं असतं.

दुसऱ्याचा पेपर तपासायला आला तर ‘वेळ नाही’ म्हणायची चूक करू नका. ‘काम स्तुत्य आहे, तथापि लेखकांनी या विषयातल्या मूलभूत संशोधनाची दखल घेतलेली दिसत नाही’ असं लिहा आणि खाली आपलेच सहा पेपर डकवा. तो मुकाट घालतो. त्यालाही कॅसची फाईल भरायची असते.

एवढंही जमेना, तर लॅरीचा आदर्श ठेवा. लॅरी हा रीस रिचर्डसन या संशोधकाच्या आजीचा बोका. २०२४ साली रिचर्डसन आणि निक वाइज यांनी त्याच्या नावावर अर्थहीन पेपर रचले, त्यांचे संदर्भ देणारे आणखी पेपर रचले आणि गूगल स्कॉलर या संदर्भ मोजणाऱ्या संकेतस्थळावर बोक्याचा एच-इंडेक्स ११ वर नेला. बोक्याच्या मागे असलेले प्राध्यापक आपल्या ओळखीत आहेत. नावं घेत नाही, रोज चहाला भेटतात.

राहता राहिली भीती, की काम खोटं निघालं तर? अल्झायमरमधल्या स्मृतिनाशाचं खापर एका विशिष्ट प्रथिनावर फोडणारा पेपर २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यावर सुमारे अडीच हजार सायटेशन जमली. २०२२ साली त्यातल्या चित्रांवर जाहीर शंका घेतली गेली आणि २०२४ साली पेपर मागे घेतला गेला. अठरा वर्षं! तेवढ्यात माणूस प्राध्यापक होतो, विभागप्रमुख होतो, निवृत्तही होतो. आणि पेपर मागे घेतला तरी सायटेशन कुणी परत मागायला येत नाही. उलट, ‘हा पेपर मागे घेण्यात आला आहे’ हे सांगणारालाही त्याचाच संदर्भ द्यावा लागतो. म्हणजे आणखी एक वाढलं.