हॅरी डीन स्टॅन्टन : भूमिकेची लांबी आणि ऐकण्याची कला

अमेरिकन चित्रपट अभिनेते हॅरी डीन स्टॅन्टन यांच्यावरील माझ्या लेखाविषयीची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. साठ वर्षांत जेमतेम दोन प्रमुख भूमिका मिळालेल्या नटाला 'थोर' म्हणणे म्हणजे अपयशाला मखरात बसवणे होय, असे आपले म्हणणे. शिवाय, 'गनस्मोक', 'रॉहाइड' यांसारख्या दूरचित्रवाणी मालिकांतील त्यांचे काम मी टाळले आणि चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांचा 'स्टॅन्टन ज्यात दुय्यम भूमिकेत आहेत तो चित्रपट सर्वस्वी वाईट असूच शकत नाही' हा नियम गंभीरपणे घेतला, असेही आपण म्हणता. शेवटचे दोन्ही आक्षेप मान्य आहेत. त्या गमतीच्या नियमाला अपवाद सापडल्याची कबुली तर पुढे एबर्ट यांनीच दिली होती.

मुख्य आक्षेप मात्र मला पटत नाही, कारण त्यात भूमिका मिनिटांनी मोजली आहे. डेव्हिड लिंच यांचा 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) घ्या. एक म्हातारा गवत कापण्याच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला आजारी भावाकडे जातो. दोघांत दहा वर्षे अबोला आहे. तो भाऊ, म्हणजे स्टॅन्टन, अगदी शेवटी दिसतो. तो दारातले यंत्र पाहतो, यावरूनच आलास का असे विचारतो, आणि होकार ऐकताना त्याचे डोळे भरून येतात. तो चेहरा तेथे कमी पडला असता, तर आधीचा सारा प्रवास वाया गेला असता.

ही ऐकण्याची कला दुय्यम भूमिकांतच मुरते, असे मला वाटते, कारण तेथे बोलायचे असते दुसऱ्याने. म्हणूनच विम वेंडर्स यांच्या 'पॅरिस, टेक्सस'मध्ये (१९८४), वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालेल्या प्रमुख भूमिकेत, सुरुवातीचा बराच वेळ एक शब्दही न उच्चारता स्टॅन्टन चित्रपट तोलून धरू शकले. (गंमत अशी की, त्याच चित्रपटात काचेपलीकडच्या पत्नीशी फोनवरून बोलताना ते पाठ फिरवून बसतात, आणि ऐकण्याचे काम नास्तासिया किन्स्की करतात, तेही तितकेच अवघड आहे.) या चित्रपटाला फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तरी त्यानंतर ते पुन्हा छोट्या भूमिकांकडेच वळले. आपण याला पीछेहाट म्हणता. मला ते नेहमीच्या कामावर परतणे वाटते.

मालिकांविषयीचा परिच्छेद आणि एबर्ट यांची कबुली मूळ लेखात जोडत आहे. 'थोर' हा शब्द मात्र तसाच ठेवतो.