उचल, रिंग आणि क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक

आधीच सांगते, ही पोस्ट फुटबॉलची आहे, पण ज्यात पायाने चेंडू मारतात त्या फुटबॉलची नाही. नारळासारखा लांबट चेंडू बगलेत दाबून धावतात आणि दर दहा सेकंदांनी एकमेकांच्या अंगावर कोसळतात, तो इथला फुटबॉल. क्लीव्हलँडजवळ राहून मला चौदा वर्षं झाली. दर रविवारी शेजारीपाजारी नारिंगी जर्सी घालून बसतात आणि इथला संघ, ब्राउन्स, हरतात. इथे ते हवामानासारखं आहे, त्यावर कुणी चिडत नाही.

2025 च्या जूनमध्ये आई-अप्पा आमच्याकडे आले होते. तेव्हाच पाब्लो टोरे आणि माइक फ्लोरिओ या दोन पत्रकारांनी एनएफएल या इथल्या फुटबॉल लीगच्या संघमालकांविरुद्धच्या तक्रारीवरचा, दडवलेला लवादाचा निकाल बाहेर काढला. 61 पानांचा. ऑफिसमध्ये दिवसभर तोच विषय होता. रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगत होते, आणि अप्पा भाकरी मोडता मोडता मध्येच म्हणाले, "म्हणजे रिंग केली."

पाच मिनिटं मी इंग्रजी-मराठी करून जे समजावत होते, ते त्यांनी तीन शब्दांत संपवलं. आपल्याकडे टेंडरला ठेकेदार करतात, लिलावात व्यापारी करतात, ती रिंग. वर्तमानपत्रात तिला संगनमत म्हणतात.

आता प्रकरण काय ते सांगते. एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. खेळाडूचा करार पाच वर्षांचा, आकडा डोळे फिरवणारा. पण त्यातली हमीची रक्कम किती, हा खरा प्रश्न असतो. हमी नसेल तर संघ दोन वर्षांनी सांगतो, बाबा, जा आता. उरलेल्या तीन वर्षांचे पैसे कागदावरच राहतात. बेसबॉल-बास्केटबॉलमध्ये करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात. ज्या खेळात गुडघा केव्हा जाईल याचा भरवसा नाही, नेमक्या त्याच खेळात हमी सगळ्यात कमी.

मार्च 2022 मध्ये आमच्या ब्राउन्सनी डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, पाच वर्षांसाठी 23 कोटी डॉलर दिले, आणि सगळेच्या सगळे हमीचे. वीसहून जास्त बायकांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले होते, तरीही. पुढे 11 सामन्यांची बंदी आली, दुखापती आल्या, आणि पहिल्या तीन हंगामांत तो जेमतेम 19 सामने खेळला. या गावात त्याचं नाव काढलं की लोक बिअरचा ग्लास खाली ठेवतात.

बाकीच्या 31 मालकांच्या पोटात मात्र वेगळ्याच कारणाने गोळा आला. उद्या आपला क्वार्टरबॅक येऊन म्हणेल, मलाही पूर्ण हमी पाहिजे. बाल्टिमोरचे मालक स्टीव्ह बिशॉटी तर उघड बोलले, की पूर्ण हमी दिली नसती तर बरं झालं असतं, आता इतरांशी बोलणी अवघड जाणार. वॉटसनच्या करारानंतर दीड आठवड्याने फ्लोरिडात पाम बीचला मालकांची वार्षिक बैठक भरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या संघटनेने तक्रार दाखल केली, की मालकांनी मिळून हमी दाबली. लवाद होते क्रिस्टोफर ड्रोनी, निवृत्त फेडरल न्यायाधीश. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी निकाल दिला. त्यात स्पष्ट लिहिलंय की लीगच्या व्यवस्थापन परिषदेने, कमिशनरच्या आशीर्वादाने, त्या बैठकीत 32 ही संघांना हमी कमी करायला प्रोत्साहन दिलं, यात फारशी शंका नाही. आणि पुढे लिहिलंय, की संघांनी खरोखर तसं संगनमत केलं हे मात्र पुरेसं सिद्ध होत नाही. दंड शून्य.

म्हणजे पाटलाने सगळ्यांना बोलावून सांगितलं की भाव पाडा. भाव पडले. पण सांगितलं म्हणूनच पडले याचा पुरावा नाही.

इथे मला थांबायचंय, कारण ही गोष्ट मी फ्रॉकच्या वयात पाहिलेली आहे.

बाजार समितीचं नाव सांगत नाही, आमच्याकडचे लोक ओळखतील. मी सहावीत असेन. अप्पांबरोबर ट्रॅक्टरवर, कांद्याच्या ढिगावर बसून गेले होते. लिलावाला पाच-सहा व्यापारी एका घोळक्याने ट्रॅक्टर-ट्रॅक्टर फिरत होते. एकाने आमच्या ट्रॉलीत हात घातला, चार कांदे उचलले, एक चिरडून पाहिला, टाकला आणि भाव पुकारला. बाकीच्यांपैकी एक सुपारी कातरत होता, एक दुसरीकडे बघत होता. कुणी पाच रुपयेसुद्धा वाढवले नाहीत. पुढच्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याने पुकारला, आणि पहिला सुपारी मागू लागला. असं आळीपाळीने. कुणी कुणाला काही बोललं नाही, डोळाही मारला नाही. संध्याकाळी आम्ही गावाकडे निघालो, तेव्हा तेच पाच जण टपरीवर एका ताटात भजी खात होते.

आता ड्रोनीसाहेबांना त्या ट्रॉलीजवळ उभं केलं असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं? की प्रत्येक व्यापाऱ्याला कांदा कमी भावात घ्यायला त्याची स्वतःची कारणं होती. त्यांनी संघांबद्दल साधारण हेच लिहिलंय. कारणं असतीलच! स्वस्त घ्यायला कुणाला कारण लागतं?

निकालात मालकांचे फोनवरचे मेसेजही आहेत. जुलै 2022 मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सनी कायलर मरेशी पाच वर्षांचा करार केला, 23 कोटी डॉलरहून थोडा जास्त, पण पूर्ण हमीचा नाही. चार्जर्सचे मालक डीन स्पॅनोस यांनी कार्डिनल्सच्या मायकल बिडविल यांचं अभिनंदन केलं. बिडविलनी कळवलं, की क्लीव्हलँडने सगळा घोळ घातला होता, पण हमी त्या मानाने कमी ठेवायचीच असं मी ठरवलं होतं. स्पॅनोस म्हणाले, तुमच्या करारामुळे पुढच्या वर्षी आमच्या क्वार्टरबॅकच्या वेळी आम्हाला मदत होईल. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, बरं का. एकमेकांच्या बोकांडी बसायचे पैसे घेतात. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या सामूहिक कराराच्या 17 व्या कलमात संघांनी आपसात उघड किंवा न बोलता केलेला समझोता, दोन्हींना बंदी आहे. न बोलता केलेलासुद्धा! मग भज्यांचं ताट पुरावा का नाही?

बाल्टिमोरच्या क्वार्टरबॅकचं, लमार जॅक्सनचं तर सगळ्यांनी पाहिलं. 2019 चा एकमताने निवडलेला सर्वोत्तम खेळाडू, वय 26. एजंट नाही, आई मदतीला. त्याने वॉटसनसारखी हमी मागितली. मार्च 2023 मध्ये बाल्टिमोरने त्याच्यावर असा टॅग लावला की दुसरा कुठलाही संघ त्याला करार देऊ शकत होता. बाल्टिमोरने तेवढाच करार देऊ केला नाही तर त्या संघाला दोन पहिल्या फेरीच्या निवडी, म्हणजे नवे खेळाडू आधी निवडायचे हक्क, मोजाव्या लागल्या असत्या, एवढंच. असा क्वार्टरबॅक बाजारात दहा वर्षांतून एकदा येतो. आणि अटलांटासकट ज्यांना क्वार्टरबॅकची निकड होती अशा संघांकडून काही तासांत बातम्या आल्या, आम्हाला रस नाही. घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण दुकान उघडायच्या आत ओरडून सांगायची एवढी घाई कशाला? शेवटी एप्रिलमध्ये तो बाल्टिमोरलाच राहिला. 26 कोटी डॉलर, त्यातले साडेअठरा कोटी हमीचे.

अप्पा मात्र इथे मालकांच्या बाजूने गेले. मला वाटलं होतं, रिंग म्हणालेत म्हणजे आपल्या बाजूचे. म्हणाले, "पाच वर्षांचे पैसे आधी बांधून द्यायचे? अगं, ही तर उचल झाली." ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाला उचल द्यायची आणि टोळी आलीच नाही, हे त्यांनी दोनदा भोगलंय. एका वर्षी ऊस फेब्रुवारीपर्यंत उभा होता. "तुमचा वॉटसन म्हणजे उचल घेऊन पळालेला मुकादमच की!"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. वॉटसनच्या बाबतीत ते खरंच आहे. एक खोट मात्र आहे. उचल द्यायची नसेल तर अप्पा देत नाहीत, त्यांची मर्जी. पण तालुक्यातल्या सगळ्या बागायतदारांनी कारखान्यावर बसून ठरवलं, की यापुढे कुणीच कुणाला उचल द्यायची नाही, तर मुकादमाने जायचं कुठे? आणि मालकांना परवडत नाही असंही नाही. ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ लोकांच्या मालकीचा आहे, म्हणून त्याचे हिशेब बाहेर येतात. 2025 मध्ये संपलेल्या वर्षात लीगच्या सामाईक उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या पैशातून, त्यांना 43 कोटी डॉलरहून जास्त मिळाले. तेवढाच वाटा प्रत्येक संघाला. 2025 साठी एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या पगाराची मर्यादा 27.92 कोटी. तिकीट, पार्किंग, बिअर धरायच्या आधीच पगार भागतो. पाऊस पडो न पडो. अप्पा हा आकडा ऐकून हसले, म्हणाले, "मग ही शेती नाही."

मालकांची ही सवय जुनी आहे. 2010 मध्ये एनएफएलमध्ये एक वर्ष पगाराची मर्यादाच नव्हती, करारातच तसं होतं. वॉशिंग्टन आणि डॅलसने मोकळेपणाने खर्च केला. दोन वर्षांनी लीगने त्यांना शिक्षा केली, वॉशिंग्टनची मर्यादा 3.6 कोटी डॉलरने आणि डॅलसची 1 कोटीने कापली. कशाबद्दल? नसलेली मर्यादा ओलांडल्याबद्दल! माझ्या मते आजवरचा सगळ्यात स्वच्छ कबुलीजबाब हाच आहे, आणि तो त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर दिला. बेसबॉलच्या मालकांनी 1980 च्या दशकात हेच केलं होतं. 1987 मध्ये आंद्रे डॉसनला कुणी विचारेना, तेव्हा तो शिकागो कब्सकडे कोरा करार घेऊन गेला, आकडा तुम्हीच भरा म्हणाला. त्यांनी 5 लाख डॉलर भरले. त्या हंगामात त्याने 49 होम रन मारले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथले लवाद मात्र कचरले नाहीत, मालकांना पुढे 28 कोटी डॉलर मोजावे लागले.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, कोट्यधीशांचं रडगाणं आम्ही कशाला ऐकायचं. माझ्या आयटीवाल्या मित्रमैत्रिणींनो, ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं ठरवलं होतं, ते विसरलात? 2007 मध्ये गूगलच्या एका रिक्रूटरने ॲपलच्या इंजिनिअरला मेल केला, त्या रिक्रूटरची नोकरी गेली, आणि हे कळल्यावर स्टीव्ह जॉब्सने उत्तरात फक्त हसरा चेहरा पाठवला. सुमारे 64 हजार कर्मचाऱ्यांचा तो खटला 2015 मध्ये 41.5 कोटी डॉलरला मिटला. माणशी किती आले ते तुम्हीच भागाकार करून बघा. लमारने मागितलेली हमी आणि आपल्याला न आलेला तो रिक्रूटरचा मेल, दोन्हीकडे बाजार असाच बंद केला जातो.

पण मी लिहायला बसले ती मालकांमुळे नाही. मालक रिंग करतात, त्यात नवल काय.

तो निकाल जानेवारीत आला होता. जूनपर्यंत तो खेळाडूंनाच माहीत नव्हता. लीगने लपवला हे समजू शकते. पण संघटनेनेही लपवला! स्वतःच लावलेल्या खटल्याचा निकाल, ज्यात मालकांनी भाव पाडायला सांगितल्याचं निवृत्त न्यायाधीशाने लिहून दिलंय, तो गुप्त ठेवायचा समझोता संघटनेच्या वरच्या लोकांनी लीगशी केला होता. कार्यकारी संचालक लॉइड हॉवेल हे त्याच वेळी कार्लाइल ग्रुपचे अर्धवेळ सल्लागार होते, आणि संघांमध्ये हिस्सा घ्यायला लीगने ज्या गुंतवणूक कंपन्यांना परवानगी दिली होती त्यातली ही एक. बातमी फुटली, एकेक गोष्ट बाहेर येत गेली आणि जुलैमध्ये हॉवेल गेले. पाठोपाठ जेसी ट्रेटर, संघटनेचे माजी अध्यक्ष, तेही गेले. अपील दाखल झालं तेही निकाल फुटल्यावर.

हे सांगितलं तेव्हा अप्पा ताटावरून उठत होते, ते परत बसले. छातीला लाल बिल्ला लावून रस्ता रोकोत बसलेला माणूस तो. "संघटनेनं? त्यांच्याच पोरांपासून?" दोनदा विचारलं. रिंगेबद्दल त्यांचा आवाजही चढला नव्हता.

जाता जाता एक. त्याच जुलैमध्ये नव्याने निवडलेल्या पोरांपैकी दुसऱ्या फेरीतल्या 32 जणांपैकी 30 जणांनी करारावर सह्याच केल्या नव्हत्या. कारण पहिल्या दोघांना पूर्ण हमी मिळाली होती, जी त्या फेरीत आजवर कुणालाच मिळाली नव्हती. मग बाकीचे अडून बसले, हंगामाआधीचा सरावाचा कॅम्प तोंडावर आला तरी. सगळ्यांना नाही, पण न्यू ऑर्लिन्सच्या टायलर शकसारख्या काहींना शेवटी पूर्ण हमी मिळाली. ज्या दोन संघांमुळे हे सुरू झालं, त्यातला एक ह्यूस्टन. दुसरा आमचा ब्राउन्स. पुन्हा घोळ क्लीव्हलँडनेच घातला होता.