नाही दिसले तर पैसे परत म्हणे!

"शंभर टक्के डॉल्फिन दाखवू, नाही दिसले तर पैसे परत!" अरे बोटवाल्या, डॉल्फिन काय तुझ्या पगारावर आहेत?

सगळी बोंब या खात्रीपासूनच सुरू होते. एकदा शब्द दिला की बोटवाला वाट बघत बसत नाही, पाठलाग करतो. कुठे पाण्यावर काळी पाठ चमकली की आजूबाजूच्या सगळ्या बोटी डिझेलचा धूर ओकत तिकडेच. चहूबाजूंनी घेराव! तो बिचारा श्वास घ्यायला वर आलेला असतो. मासा नाही हो तो, फुप्फुसं आहेत त्याला. पण वर येताच शिट्ट्या, किंकाळ्या, बोटीच्या कठड्यावर थापा. तो बुडी मारून लांब निघतो आणि इकडे लोक खूश, "बघा, कसा लपाछपी खेळतोय!" खेळत नाहीये, जीव घेऊन पळतोय.

देवमाशांचीही तीच गत. स्पर्म व्हेल पाऊण-पाऊण तास खोल पाण्यात शिकार करतो आणि वर दम खायला जेमतेम आठ-दहा मिनिटं थांबतो. नेमक्या त्याच वेळी यांना सेल्फी हवा!

अमेरिकेच्या हवाई बेटांवरचे स्पिनर जातीचे डॉल्फिन रात्रभर शिकार करून दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात झोप काढतात. बोटी आणि पोहणारे तिथेही पिच्छा सोडेनात, म्हणून शेवटी २०२१ मध्ये ५० यार्डांच्या आत जायला कायद्यानं बंदी घालावी लागली. म्हणजे झोपलेल्याला उठवू नये, हेही कायद्यानं सांगायचं!

बरं, नीट बघायची रीत काही अवघड नाही. समोरून आडवं जायचं नाही, मागून रेटायचं नाही. बाजूनं, अंतर ठेवून, हळू. वाटलं तर ते स्वतःहून जवळ येतात. पण एवढा धीर कोणाला? लाइफ जॅकेटचे बंद मोकळे सोडून पुढच्या टोकावर उभा राहिलेला एक महाभाग प्रत्येक बोटीवर असतोच, "अजून जवळ घ्या ना, पैसे कशाचे घेता?" फोटोत काय येतं? राखाडी ठिपका, तोही हललेला.

आणि तो स्पीकर आधी बंद करा! पाण्याखाली डॉल्फिनचं सगळं आवाजावर चालतं. शिकार शोधणं असो, पिल्लाला हाक मारणं असो. वरून तुमच्या इंजिनांची घरघर आहेच, त्यात ही ढॅणढॅण कशाला? त्यांनी फर्माईश केली होती का?