पाचला उठा आणि पाणी भरा

गेल्या शनिवारी, म्हणजे महिन्यातून दोनदा मिळणाऱ्या सुट्टीच्या शनिवारी, आमच्या ऑफिसने आम्हाला पुण्यातल्या बाणेरच्या एका हॉटेलात बसवून 'आयुष्याचं स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग' शिकवलं. हजेरी सक्तीची, जेवण बुफे. माझं आयुष्य तेव्हापासून मार्गी लागलंय, म्हटलं तुमचंही लावून टाकावं.

ध्येय 'स्मार्ट' ठेवा. नेमकं, मोजता येणारं, मुदत घातलेलं वगैरे. हे सूत्र जॉर्ज डोरान यांनी १९८१ साली कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी लिहिलं होतं. पण संसार म्हणजे तरी काय, तोट्यातली कंपनीच की.

व्हिजन बोर्ड, म्हणजे स्वप्नांची चित्रं चिकटवलेला फळा, करा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करा, पुढच्या बाजूला दूधवाल्याचे खाडे असतात.

'नाही' म्हणायला शिका. सुरुवात सासूबाईंपासून करा आणि काय झालं ते मला कळवा.

उठल्यावर पहिला तास मोबाइलला हात लावू नका. 'आज व्हॅन येणार नाही' हा मेसेज त्याच तासात येतो, पण मुलं काय, चालत जातील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाचला उठा. कोच असेल तिशीचा. म्हणाला, "विनर्स पाचला उठतात. तो तास फक्त स्वतःचा. ध्यान, व्यायाम, डायरी." मग विचारलं, इथे पाचला कोण कोण उठतं? अकरा हात वर झाले, त्यातले नऊ बायकांचे. स्वारी खूश. मला विचारलं, "वा मॅडम! काय करता त्या वेळात?" म्हटलं, पाणी भरते. म्हणाला, "व्हेरी गुड, हायड्रेशन इज इम्पॉर्टंट."

एकोणीस वर्षं पाचला उठतेय मी. यश काही आलं नाही, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या येतात. पाणी सहाला जातं. गुरुवारी येतच नाही आणि शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने', ते तुम्हाला सांगायला नकोच. मग कणीक. मग दोन डबे, कारण एकाला भेंडी चालत नाही आणि दुसऱ्याला भेंडीशिवाय काही चालत नाही. सासऱ्यांची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, म्हणजे पुढचा अर्धा तास त्यांच्यापासून चहा राखत बसायचं. मध्येच कामवाल्या मावशींचा फोन, की आज जमणार नाही. ध्यान मी करते, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याचं करते.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे: स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. ही ८८ मिनिटं कुठल्या घरात असतात, मला पत्ता हवाय.

तर कोचने शेवटी स्वतःची दिनचर्या पडद्यावर दाखवली. पाच ते सात स्वतःसाठी. त्याखाली लिहिलं होतं: सात वाजता नाश्ता समोर येतो, त्यामुळे 'डिसिजन फटिग', म्हणजे निर्णय घेऊन घेऊन येणारा थकवा, होत नाही.

समोर येतो? अहो, कुणाच्या पायांनी येतो? तुमच्या घरात पाचला दोन माणसं उठतात, त्यातलं एक डोळे मिटून बसतं आणि त्याला शिस्त म्हणायचं? आमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, कसं बसवू यात? तर तिला सांगितलंत, "प्रायॉरिटी क्लिअर नाहीत तुमच्या." लाज नाही वाटली? तिच्या प्रायॉरिटी त्या हॉलमध्ये सगळ्यांत क्लिअर होत्या. तुम्हाला दुसऱ्याच्या हातचा आयता वेळ मिळतो, तो स्वतःचा गुण म्हणून विकू नका. निदान आम्हाला विकू नका, आणि तेही आमच्या सुट्टीच्या दिवशी.

तो शनिवार मला परत हवाय. वर्षाचे गहू येऊन पडले होते. ते निवडून झाले की दुपारी दोन ते चार मी झोपणार होते. नेमकं, मोजता येणारं, मुदत घातलेलं.